धोंड्याचा महिना: हे 'धोंडा' आलं कुठून?

पूर्णेचं_पाणी
रामराम मंडळी. १७ मेपासून धोंड्याचा महिना लागायलाय. लग्नाला दीड वर्ष झालं, म्हणजे माझा हा पहिलाच धोंडा. सासरची मंडळी तीन पिढ्यांपासून इंदूरची, घरात मराठीच बोलतात पण आपल्या इकडच्या बऱ्याच गोष्टी सुटल्यात त्यांच्या. तर झालं काय, आमच्या मायनं परवा फोनवर विहीणबाईंना सरळ विचारलं, "जावयाला धोंडे खायला कधी बोलावता?" पलीकडं एकदम शांतता. रात्री बायको मला विचारायली की तुमच्या परभणीत जावयाला दगड खाऊ घालतात का.

मी हसलो खरं पण उत्तर मलाही देता येईना. ते पुरुषोत्तम मास म्हणतात, शेजारपाजारचे मलमास म्हणतात, पंचांगात अधिक ज्येष्ठ लिहिलंय. मग आपण धोंडा कामून म्हणतो? पुरणाच्या गोळ्यांना धोंडे म्हणतात म्हणून महिन्याचं नाव धोंडा पडलं, का महिना धोंड्याचा म्हणून गोळ्यांचं नाव धोंडे? जाणकारांनी सांगा. आणि ३३ खरंच खावे लागतात का?

लातूरवाला
आधी अंगठी किती ग्रॅमची ते ठरवा, व्युत्पत्ती नंतर काढू 😀

अंबाजोगाईची_सून
३३ खायचे नसतात हो, ३३ चं वाण असतं. ताटात ३३ अनारसे नाहीतर धोंडे नाहीतर बत्तासे, वर दिवा लावायचा आणि लेक-जावयाला लक्ष्मीनारायणाचा जोडा समजून द्यायचं. वाणाला शक्यतो जाळीचा पदार्थ लागतो म्हणून अनारसे.

धोंडे म्हणजे आमच्याकडं हरभऱ्याच्या डाळीचं गुळाचं पुरण, त्यात सुंठ-जायफळ, घट्ट कणकेच्या पारीत भरायचं, लिंबाएवढा गोळा करायचा आणि चाळणीत उकडायचा. वाढताना फोडून वर तुपाची धार. हे खातानाचं सुख मे महिन्यात मात्र नाही, खरं सांगते. २०१८ ला पण असाच मे-जूनला आला होता, गॅसपुढं उभं राहून माझेच धोंडे झाले होते.

इंदूरच्या ताईंना सांगा, पुरण पोळीपेक्षा थोडं कोरडं ठेवायचं, नाहीतर उकडताना फुटतात.

नांदेडकर
उकडतात?? धोंडे तळतात. उकडलेल्याला दिंड म्हणतात, ते नागपंचमीला.

अंबाजोगाईची_सून
दिंड चौकोनी असतं दादा, घडी घातलेलं. धोंडा गोल. आणि उकडतातच.

नांदेडकर
तुमच्याकडं उकडत असतील. तळलेला दोन दिवस टिकतो, जावयाला बांधून देता येतो.

लातूरवाला
नांदेडचा जावई खातोय पण आणि बांधून पण नेतोय

पंचांगवाले_काका
मूळ प्रश्नाकडं येतो. ह्या महिन्याला स्वतःचं नावच नाही, इथून सुरुवात करा.

बाकीच्या बारा महिन्यांची नावं पौर्णिमेच्या नक्षत्रावरून पडलीत. चित्रेच्या आसपास पौर्णिमा होते तो चैत्र, विशाखेचा वैशाख, ज्येष्ठेचा ज्येष्ठ, असं कृत्तिका कार्तिक मृगशीर्ष मार्गशीर्ष. पाणिनीच्या व्याकरणात ह्याचं सूत्रच आहे. आता चांद्र वर्ष भरतं साधारण ३५४ दिवसांचं आणि सूर्याचं ३६५ चं. दरसाल ११ दिवसांची तूट. ती साठत साठत गेली की एक महिना जास्तीचा धरावा लागतो, नाहीतर पोळा उन्हाळ्यात येईल. जुना श्लोक आहे त्यात हिशोब दिलाय, ३२ महिने १६ दिवस ४ घटका झाल्या की अधिकमास पडतो.

पण तो कुठं धरायचा? तर ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही, संक्रांतच येत नाही, तो अधिक. ह्या वर्षीचंच बघा. १५ मेला सूर्य वृषभेत गेला, १६ च्या मध्यरात्रीनंतर अमावास्या संपली. पुढची अमावास्या १५ जूनला सकाळी संपते आणि मिथुन संक्रांत त्याच दिवशी दुपारी. काही तासांनी हुकली! ती सकाळी लवकर झाली असती तर हा महिना अधिक ठरला नसता. आणि नाव त्याला पुढच्याचं उसनं देतात, आधी अधिक ज्येष्ठ मग निज ज्येष्ठ.

आमचे आजोबा म्हणायचे, सूर्य ह्या महिन्यात धोंड्यासारखा एका जागी बसतो म्हणून धोंडा महिना. मला तरी हे पटतं.

शंकेखोर
काका माहिती एक नंबर. पण शेवटचं पटत नाही. धोंडा हा शब्द पंचांगकर्त्याचा वाटतच नाही, तो रानात काम करणाऱ्याचा शब्द आहे. नांगराला धोंडा लागतो, बांधावर धोंडा असतो. आमच्या आज्याला वृषभ संक्रांत कधी झाली हे ठाऊक नव्हतं, पण धोंडा कोणत्या साली येणार हे बोटावर सांगायचा.

माझ्या मते साधं आहे. ह्या महिन्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही, सण नाही. काहीच उगवत नाही. धोंड्यावर काय उगवणार? पंडितांनी त्यालाच मलमास म्हणलं आणि गावानं धोंडा.

जालन्याचा_केटरर
शंकेखोर भाऊंना अनुमोदन. माझ्यापुरता हा महिना धोंडाच आहे. मे महिना म्हणजे आमचा सुगीचा महिना, आणि ह्यावर्षी १६ तारखेनंतर कार्यालय रिकामं. वाढपी पोरं गावाकडं गेली, भांडी पालथी घालून ठेवलीत. १५ जूनला सुटतो महिना, मग २५ जुलैला आषाढी, चातुर्मास लागला की परत बंद. मधल्या सव्वा महिन्यात पावसात मांडव घालायचा. २०१८ ला हेच, २००७ ला पण हेच झालं होतं म्हणे वडील सांगत होते.

पंचांगवाले_काका
बरोबर सांगतात वडील. १९ वर्षांनी तोच महिना जवळजवळ त्याच तारखांना अधिक येतो, १९ वर्षांत ७ अधिकमास बसतात. २००७ ज्येष्ठ, २०२६ ज्येष्ठ. २००४ ला श्रावण होता, २०२३ ला परत श्रावण. मधेमधे दुसराही येतो, २०१८ चा ज्येष्ठ तसा.

बीडची_लेक
सण नाही कसा म्हणता? पुरुषोत्तमपुरीला या एकदा!

माजलगाव तालुक्यात आहे, गोदावरीच्या काठावर. एरवी गावात शुकशुकाट असतो आणि धोंड्यात पाय ठेवायला जागा मिळत नाही. माझं माहेर तिथून जवळ आहे, लहानपणी आम्ही आज्जीसोबत टेम्पोत बसून जायचो. गोदेत आंघोळ, मग ओल्या लुगड्यानंच दर्शनाची रांग, देवाला धोंड्याचा नैवेद्य. आज्जी सांगायची ती गोष्ट अशी की बाकीच्या महिन्यांना एकेक देव होता, ह्या जास्तीच्या महिन्याला कोणीच घेईना, सगळे मळका म्हणून हिणवायचे. तो रडत विष्णूकडं गेला तर विष्णूनं त्याला स्वतःचं नाव देऊन टाकलं, पुरुषोत्तम. आज्जी ही गोष्ट सांगताना 'बिचारा महिना' म्हणायची, जसा काही आमच्याच आळीतला पोरगा आहे.

लहानपणी वाटायचं की हे गावच ह्या महिन्यासाठी वसवलंय.

शिलालेखवेडा
बीडची_लेक ताई, तुमच्या आज्जीच्या गोष्टीला धक्का लावत नाही, पण गावाच्या नावाची गंमत वेगळीच आहे. पुरुषोत्तमपुरीला देवगिरीच्या यादवांचा ताम्रपट सापडलेला आहे, रामचंद्र यादवाच्या काळातला, शके १२३२, म्हणजे इसवी सन १३१०. वा. वि. मिराशींनी तो वाचून प्रसिद्ध केला. त्यात पुरुषोत्तम नावाच्या मंत्र्याला दिलेल्या दानाची, अग्रहाराची (म्हणजे ब्राह्मणांना इनाम दिलेल्या गावाची) हकीकत आहे. म्हणजे गावाच्या नावात देवाइतकाच तो मंत्री आहे.

१३१० हे साल पण बघा, अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी होऊन चौदा वर्षं झालेली, आणि इकडं गोदाकाठी अग्रहार वसायलेत.

बीडची_लेक
काय सांगता! मंत्र्याचं नाव, म्हणजे तेव्हापासून चालू आहे हे 😄

लातूरवाला
आता नावं पण तीच अन् मंत्री पण तेच

औंढ्याचा_नाथ
धोंडा शब्दाचा अजून एक धागा. आमच्या गावात धोंडिबा, धोंडीराम, धोंडाबाई ही नावं ढिगानं. त्यातली निम्मी ह्या महिन्यात जन्मली म्हणून पडलेली, आणि निम्मी पोरं जगत नव्हती म्हणून. धोंड्यासारखं टणक निघावं, यमानं उचलू नये असा हिशोब. माझ्या चुलत आजोबांचं नाव धोंडिबा, आधीची तीन भावंडं गेली होती. ते ९१ वर्षं जगले, शेवटी शेवटी स्वतःच म्हणायचे की आईनं नाव जरा जास्तच जड ठेवलं. म्हणजे धोंडा हा शब्द नुसता अशुभ नाही, टिकाऊ पण आहे. आणि पाऊस ओढ देतो तेव्हा पोरं कडुलिंबाचा पाला बांधून धोंडी काढतात, घरोघरी अंगावर पाणी ओतून घेतात, तीही आठवा.

तेरणेची_पोर
मला एक विचारायचंय, कदाचित बावळट प्रश्न असेल. 'दुष्काळात तेरावा महिना' म्हणतात तो हाच महिना का? मी आजवर समजत होते की वर्षात बाराच असतात म्हणून तेरावा म्हणजे अशक्य काहीतरी, आधीच संकट त्यात आणखी एक, एवढंच.

लातूरवाला
हाच ताई. आता जरा सिरियस लिहितो. २०१५ आठवा. अधिक आषाढ होता, १७ जून ते १६ जुलै. मिरगात थोडा पडला, लोकांनी पेरलं आणि मग गायबच. आमचं सोयाबीन टाचेएवढं होऊन करपलं, दुबार पेरणीला बियाणं उधारीवर आणलं. म्हातारी रोज आभाळाकडं बघून म्हणायची, दोन आषाढ दिले देवा अन् दोन्ही रिकामे. पुढल्या एप्रिलला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर. आम्ही स्टेशनवर बघायला गेलतो, लोक मोबाइलवर फोटो काढायलेले. मी पण काढला. नंतर लाज वाटली.

तेव्हा कळलं म्हण काय आहे ते. बारा महिन्याला पुरंल एवढं धान्य जिथं झालेलं नाही तिथं तेराव्या महिन्याला काय खायचं?

मोसंबीवाला_अंबड
२०१२ ला पण होता, अधिक भाद्रपद. त्या साली आमच्या अंबडला मोसंबीच्या बागा तोडून सरपण केलं लोकांनी. २०१८ ला धोंडा आणि त्याच वर्षी दुष्काळ जाहीर. बारा पंधरा अठरा, तिन्ही धोंड्याची सालं अन् तिन्ही कोरडी. योगायोग नाही हा.

शंकेखोर
भाऊ योगायोगच आहे. दर पावणेतीन वर्षांनी येणारी गोष्ट मराठवाड्यात दुष्काळाला गाठ पडणारच, कारण दुष्काळच दोन-तीन वर्षांनी आहे. २०२० ला अधिक आश्विन होता, त्या ऑक्टोबरात आमची सोयाबीनची गंजी पाण्यावर तरंगत होती. तो कोणत्या खात्यात टाकता?

पैठणचा_गडी
आमचे आबा कायम म्हणतात, बहात्तरच्या दुष्काळात धोंडा आला होता म्हणून एवढा मोठा झाला

पंचांगवाले_काका
७२ ला होता हे खरं, अधिक वैशाख. पण तो एप्रिल-मेमधला, पाऊस दगा देऊन गेला त्याच्या नंतरच्या जून-जुलैत. आबांच्या आठवणीत दोन्ही एकत्र झाले असतील, आणि चूक तरी कसं म्हणावं, आधीच्या सालीही पाऊस धड नव्हता, घरातलं धान्य त्या लांबलेल्या उन्हाळ्यातच संपलं असणार.

सालगड्याचं_लेकरू
मी इथं फक्त वाचतो, लिहीत नाही. पण म्हणीचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

तुम्ही सगळे धान्याचा हिशोब करायलात तो बरोबर आहे. पण तेरावा महिना कोणाच्या बोकांडी बसतो ते सांगतो. माझे वडील सालगडी होते, एकाच मालकाकडं सतरा वर्षं. साल पाडव्याला ठरतं आणि पाडव्याला सुटतं. त्यात ठरल्याप्रमाणं इतके मण ज्वारी, दोन जोडी कपडे, एक चप्पल, घोंगडं, आणि रोख. आता ह्यावर्षीचा पाडवा १९ मार्चला झाला, पुढचा ७ एप्रिलला आहे. मोजा दिवस. ३८४ भरतात. एरवीच्या साली ३५४. साल तेवढंच, ज्वारी तेवढीच आणि काम तीस दिवस जास्तीचं.

८५ ला दोन श्रावण आले होते. मी चौथीत होतो. वडिलांनी पाडव्याच्या दिवशी साल ठरताना पंचांग बघितलं नव्हतं, बघून येणार कुठून, वाचता येत नव्हतं. नंतर कोणीतरी सांगितलं की औंदा धोंडा आहे. तर ते मालकाकडं गेले, म्हणले एका महिन्याची ज्वारी वाढवून द्या. मालक माणूस वाईट नव्हता. पण तो म्हणला, साल म्हणजे पाडवा ते पाडवा, मधी काय येतं ते देवाचं काम, माझं नाही. झालं. घरात ज्वारी फाल्गुनातच संपली. आई दुसऱ्याच्या रानात सर्वा, म्हणजे काढणीनंतर पडलेली कणसं, वेचायला जायची, आणि पाडव्याआधी अंगावर उचल घेतली ती पुढच्या सालात कापून गेली. म्हणजे तेरावा महिना एका वर्षात संपत नाही, पुढच्या सालाला पण खातो.

दुष्काळ नसताना सुद्धा. दुष्काळात काय होत असेल ते तुम्ही बघा.

आणि त्याच महिन्यात मालकाच्या वाड्यावर जावई आलेला. ३३ अनारशाचं ताट मीच चुलीपासून ओसरीपर्यंत नेलं होतं, वर दिवा लावलेला, विझू नये म्हणून एक हात आडवा धरून. मालकीणबाईंनी मला दोन धोंडे दिले. एक मी खाल्ला, एक घरी नेला.

अंबाजोगाईची_सून
भाऊ, खरंच काय लिहावं कळंना. आम्ही इथं उकडायचे का तळायचे त्यावर भांडायलोत.

सालगड्याचं_लेकरू
नाही नाही ताई, भांडा की. तळलेलाच होता तो 🙂

नांदेडकर
🙏 (आणि नोंद घ्यावी)

जुनी_कागदं
सालगड्याचं_लेकरू यांच्या पोस्टवरून एक गोष्ट डोक्यात आली, मी जमिनीच्या जुन्या नोंदी वाचायचं काम करतो म्हणून.

निजामाच्या काळात आपल्याकडं सरकारी कागदावर फसली साल चालायचं आणि त्याचे महिने वेगळेच, इराणी नावांचे. आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबहिश्त, खुर्दाद, तीर, अमर्दाद, शहरेवर, मेहर, आबान. साल ६ ऑक्टोबरच्या सुमाराला आजूरपासून सुरू. लोक कागद घेऊन येतात, "साहेब ह्याच्यावर आबान लिहिलंय, हे कोणाचं नाव?" मागं एकजण '१५ आबान १३४१' ची पावती घेऊन आला, म्हणजे सप्टेंबर १९३२. फसलीत ५९० मिळवायचे, जानेवारी लागला असेल तर ५९१, की इसवी सन येतं. आणि हे फार जुनं नाही, जहागिरी रद्द केल्याचा कायदा पोलीस ॲक्शननंतरचा, तरी त्याच्या नावात १३५८ फसलीच आहे.

आता मुद्दा. फसल म्हणजे पीक. हे साल सूर्याचं, ३६५ दिवसांचं, त्यात अधिकमास नाही. म्हणजे मालक सरकारला शेतसारा भरायचा तो बारा महिन्यांच्या सालाचा, आणि गडी ठेवायचा तो पाडव्याच्या सालावर. धोंड्याच्या वर्षी सारा बाराचा अन् राबणूक तेराची. एकाच वावरात दोन कॅलेंडर चालू होती. मी हे कागद किती वर्षं वाचतोय पण हे असं शेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं.

शंकेखोर
जुनी_कागदं, उलट्या बाजूनं पण बोला की. साध्या वर्षी गड्याचं साल ३५४ दिवसांचं म्हणजे ११ दिवस कमी. तीन वर्षांत फिट्टंफाट नाही का होत?

सालगड्याचं_लेकरू
कागदावर होते भाऊ. पण तीन वर्षं त्याच मालकाकडं राहिला तर. आणि पोटाला ११ दिवसांची बचत कळत नाही, ३० दिवसांची तूट कळते.

शंकेखोर
हे मान्य. माघार.

दखनी_चाय
आदाब. आमच्या कॅलेंडरमधे हे लफडंच नाही 🙂 हिजरी साल पण चंद्राचं, ३५४ दिवसांचं, पण जास्तीचा महिना टाकायचा नाही असा हुकूम आहे. इस्लामच्या आधी अरबात महिने पुढंमागं सरकवायची रीत होती, ती बंद केली. म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात कधी थंडीत. 'रमज' म्हणजे उन्हाची आग, नाव पडलं तेव्हा उन्हाळा असंल, आता नाव तेच राहिलं अन् महिना फिरायलाय. माझ्या अब्बूंनी थंडीतले रोजे पण धरलेत आणि मे महिन्यातले पण.

पूर्ण चक्कर किती वर्षांत होतो? ३३. तुमचे अनारसे पण ३३.

आमच्या खेड्यात (गंगाखेडकडं) अम्मी मोहरमच्या सवाऱ्यांचा हिशोब सांगायची तो पण धोंड्यावरच. "पिछले धोंडे के साल सवारी पोळे के टाइम आई थी" असं. म्हणजे चांद बघून चालणाऱ्या बाईला साल ध्यानात ठेवायला धोंडाच लागायचा. धोंडे पण यायचे घरी, शेजारच्या काकूंकडून, स्टीलच्या डब्यात. उकडलेले. सॉरी नांदेडकर.

नांदेडकर
गंगाखेड परभणीत येतं. तुमचं मत ग्राह्य नाही.

तेरणेची_पोर
मग ३३ का ते कोणीच सांगितलं नाही. ३३ कोटी देव?

पंचांगवाले_काका
तेच सांगतात, कोटी म्हणजे प्रकार, ८ वसू ११ रुद्र १२ आदित्य आणि वर दोन. माझं मत विचाराल तर ३२ महिने उलटून ३३ वा लागतो तेव्हा हा येतो, तो आकडा जास्त जवळचा. आणि हे फार जुनं आहे हो. ऋग्वेदात वरुणाला बारा महिने ठाऊक आहेत आणि जास्तीचा जन्मतो तोही ठाऊक आहे असं म्हणलंय. तैत्तिरीय संहितेत मधु, माधव, शुक्र, शुचि अशी महिन्यांची जुनी नावं आहेत, आणि शेवटी जास्तीच्याला संसर्प, अंहस्पती. अंहस् म्हणजे पाप, संकट. संसर्प म्हणजे सरपटत आत शिरणारा. म्हणजे ह्याला हिणवायची रीत धोंडा म्हणणाऱ्यांनी काढलेली नाही.

औंढ्याचा_नाथ
सरपटत शिरणारा 👌 हे पूर्णेचं_पाणी यांच्या सासूबाईंना सांगू नका, जावयाबद्दल वाटेल

वैतागलेली_लेक
सगळं छान चाललंय, मी जरा पाणी टाकते. आमच्या धाकटीचं लग्न २०२२ ला झालं. २०२३ च्या अधिक श्रावणात तिच्या सासरहून यादी आली, जावयाला अंगठी, चांदीचं ताट-तांब्या, घरच्या सगळ्यांना कपडे. वडिलांनी सोसायटीचं पीककर्ज उचललं ते सोयाबीनसाठी आणि गेलं अंगठीत. त्या ऑगस्टला पावसानं महिनाभर तोंड दाखवलं नाही. धोंडा कुठून आला ते मला विचारा, तो पोरीच्या बापाच्या डोक्यावर पडतो. आणि सुनेला कोण बोलावतं हो ३३ धोंड्यांचं वाण द्यायला?

पूर्णेचं_पाणी
वैतागलेली_लेक ताई, मी आजच मायला सांगितलं, अंगठी-बिंगठी काही मागायची नाही. माय म्हणली मी धोंडे मागितले, अंगठी कोणी मागितली. खरं आहे. मायच्या माहेरी एक नारळ अन् पाच धोंडे एवढंच द्यायचे म्हणे, तेही लेकीच्या आईला जमलं तर.

जालन्याचा_केटरर
आमच्याकडं गेल्या खेपेला एका घरानं सून आणि तिच्या आईबापाला बोलावून वाण दिलं. ऑर्डर माझ्याकडं होती, १०० पान. ती माऊली पाटावर बसताना तीनदा विचारायली, आम्ही बसायचं? आम्हीच ना?

लातूरवाला
केटररनं धोंडे उकडले का तळले?

जालन्याचा_केटरर
५० उकडले ५० तळले. धंदा आहे भाऊ.

तेरणेची_पोर
पण मूळ प्रश्न राहिलाच. महिना आधी का गोळा आधी?

औंढ्याचा_नाथ
महिना आधी. साधी गोष्ट आहे, पुरणाचे गोळे एरवीही होतात पण त्यांना एरवी कोणी धोंडे म्हणत नाही. चैत्रात तोच गोळा केला तर आमची बायको त्याला उंडा म्हणती. महिना सुटला की नाव पण सुटतं. म्हणजे नाव महिन्याचं आहे, गोळ्यानं उसनं घेतलंय.

पंचांगवाले_काका
वा. आणि महिन्यानं स्वतःचं नाव पुढच्याकडून उसनं घेतलंय. उसनवारीच सगळी.

शंकेखोर
मी पण महिना आधी म्हणतो. आणि लोकांनी मुद्दाम धोंड्याचा गोड पदार्थ केला असावा असं वाटतं, म्हणजे जड महिन्याचं नाव तोंडात घालून विरघळवून टाकायचं. पुरावा मागू नका.

पूर्णेचं_पाणी
(तीन आठवड्यांनी) मंडळी जाऊन आलो. इंदूरला ४२ डिग्री होतं. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर मायला विचारून विचारून धोंडे केले, पहिला घाणा फुटला, पुरण सगळं पातेल्यात. मायनं तिकडून सांगितलं की फुटलेले जावयाला वाढू नका, ते घरातल्यांनी खायचे. तर सासरेबुवांनी तेच जास्त खाल्ले. ३३ मोजून ठेवले होते, दिवा लावताना बघतो तर ३२. मेव्हणीची पोरगी टेबलाखाली बसलेली.

सासरेबुवांना मी सालगड्याची गोष्ट सांगितली. ते बँकेतून रिटायर झालेत. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणले, आमच्याकडं पगार इंग्रजी महिन्याचा होता म्हणून हे कधी डोक्यातच आलं नाही. मग कागद घेऊन १९ वर्षांचं व्याज काढत बसले, बारा महिन्याचं अन् तेरा महिन्याचं.

सालगड्याचं_लेकरू
त्यांना नमस्कार सांगा. वडिलांना दाखवला हा धागा, म्हणजे वाचून दाखवला. त्यांनी एकच विचारलं, त्या मंत्र्याला किती जमीन दिली होती म्हणे राजानं?

शिलालेखवेडा
सांगा त्यांना, गावंच्या गावं दिली होती. ताम्रपटात नावांसकट आहेत.

सालगड्याचं_लेकरू
सांगितलं. हसायलेत.

तेरणेची_पोर
एक प्रॅक्टिकल प्रश्न, वटपौर्णिमा मग ह्या ज्येष्ठात का त्या ज्येष्ठात? ऑफिसात दोन पार्ट्या पडल्यात.

पंचांगवाले_काका
निज ज्येष्ठात. २९ जूनला, सोमवारी.